चार मीटर सुतळीच्या आत

रविवारी संध्याकाळी निसर्ग शिबिराच्या खोल्यांत सामान टाकून होतंय न होतंय तोच बाईंनी सगळ्यांना माळावर बोलावलं आणि प्रत्येकाच्या हातात चार मीटर सुतळी आणि चार खुंट्या दिल्या. "एक मीटर लांब, एक मीटर रुंद. शनिवारपर्यंत हा चौकोन तुमचा. त्यातलं काही उपटायचं नाही, त्यात काही टाकायचं नाही, पायही ठेवायचा नाही. बघायचं आणि वहीत लिहायचं." एवढं बोलून त्यांनी चिठ्ठ्यांचा डबा फिरवला.

एकूण बारा मुलं, तेरा ते सोळा वयाची. त्यांची नावं इथे लिहीत नाही, चौकोनांचे क्रमांक लिहिते. तशीही मंगळवारपर्यंत ती एकमेकांना क्रमांकानेच हाका मारायला लागली होती. "ए नऊ, तुझी मुंगी माझ्याकडे आलीय!"

मी त्या गटाची ताई. मुलांबरोबर राहायचं, ओढ्यावर न्यायचं-आणायचं, रात्री कुणाला घरची आठवण आली तर शेजारी जाऊन बसायचं. अठरा वर्षं मी वही घेऊन रानात फिरतेय, पण मुलांच्या निसर्ग शिबिरात सबंध आठवडा काढायची ही पहिलीच वेळ. आपल्याकडे मुलांना द्यायला भरपूर आहे, असं मला वाटत होतं. झाडांची, पाखरांची, किड्यांची नावं माझ्या जिभेवर असतात.

त्याच रात्री बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "शुक्रवार रात्रीपर्यंत कुठल्याही जीवाचं नाव सांगू नकोस."

"आणि मुलांनी विचारलं तर?"

"तर विचार, तुला काय दिसतंय?"

बाईंनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहेत. त्यांना नाही म्हणायची माझी छाती नव्हती, म्हणून हो म्हटलं. पण मनातून पटलं नव्हतं. नाव हा तर पहिला धागा. तोच मुलांच्या हातात द्यायचा नाही, तर मी करायचं काय?

सोमवार मोजण्यात गेला. आपल्या चौकोनात किती प्रकारची झाडं आहेत, प्रत्येकाची किती रोपं आहेत, मोकळी माती किती आहे. सुतळीने जमीन आखून मोजायची ही पद्धत तशी जुनी आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्कात रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स या दोघांनी १८९८ साली ती मांडली. गवताळ माळावर नुसती नजर टाकून कुठली वनस्पती जास्त आहे याचे अंदाज ते बांधत होते, आणि चौकोन आखून एकेक रोप मोजल्यावर ते अंदाज चुकीचे ठरले. यातले पाउंड पुढे कायद्याकडे वळले आणि हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाचे प्रमुख झाले. बाईंना ही गोष्ट फार प्रिय आहे. पुराव्याशिवाय बोलायचं नाही ही सवय त्यांना गवतानेच लावली असणार, असं त्या म्हणतात.

सात नंबरची मुलगी दुपारी वही घेऊन आली. तिच्या वाट्याला ओढ्याकडे जाणाऱ्या पायवाटेच्या कडेचा तुकडा आला होता. "माझ्यात काहीच नाही. मला दुसरा द्या." बाकीच्यांच्या वहीत अठरा, बावीस, एकोणतीस प्रकार झाले होते. हिच्याकडे चार. बाईंनी चौकोन बदलून दिला नाही. त्या म्हणाल्या, "काहीच नाही, असं लिही. आणि का नाही, ते शोध." मुलगी काही न बोलता निघून गेली. मला तिचं वाईट वाटलं. बाकीचे गवतात लोळून किडे बघत असताना एका पोरीने टणक मातीकडे बघत बसायचं, हे मला जरा कठोर वाटलं.

मंगळवारी माझ्या हातून नियम मोडला. तीन नंबरचा मुलगा हुशार, उत्साही, सगळ्यात आधी सगळं हवं असणारा. त्याने मला एक पान उलटून दाखवलं. पानाच्या पाठीवर बारीक पांढऱ्या ठिपक्यांची ओळ होती. बघताक्षणी माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे वा, लेसविंगची अंडी!" त्याने वहीत लिहिलं, 'लेसविंग, अंडी', त्यापुढे बरोबरची खूण केली आणि पुढच्या झुडपाकडे गेला. सगळं मिळून दहा सेकंद. बाई थोड्या अंतरावर उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी सगळे गोल करून बसले तेव्हा त्यांनी त्याला सहज विचारलं, "ती अंडी पानाला कशी चिकटली होती रे?" तो म्हणाला, "पानावरच होती." मला बसल्या जागी चटका बसला. कारण लेसविंग या जाळीदार पंखांच्या किड्याची अंडी पानावर नसतात. प्रत्येक अंडं केसाएवढ्या बारीक देठाच्या टोकावर, पानापासून अधांतरी उभं असतं. त्या अंड्यांमधली बघण्यासारखी गोष्ट तीच, आणि ती बघायच्या आतच मी त्याच्या हातात नाव ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा नंबरच्या मुलीला तशीच ओळ तिच्या झुडपावर सापडली. या वेळी मी ओठ घट्ट मिटले. "तुला काय दिसतंय?" तिला किड्यांची भीती वाटायची, म्हणून ती हातभर लांबून बघत होती. पण बघितलं मात्र वीस मिनिटं. तिने लिहिलं, 'चौदा पांढरे मणी. प्रत्येक मणी केसाच्या टोकावर. केस वाकत नाहीत. एक मुंगी आली. खांबांच्या मधून गेली. वरचे मणी तिला कळलेच नाहीत.' मग मान वर करून मला म्हणाली, "ताई, म्हणूनच वर ठेवलीत का?" देठांमुळे अंडी मुंग्यांपासून वाचतात, आणि आधी बाहेर पडलेल्या भुकेल्या अळ्यांपासून शेजारची भावंडंही वाचतात, असं कीटकशास्त्रज्ञ मानतात. त्यातलं अर्धं त्या मुलीने एका मुंगीकडे बघून गाठलं होतं. तिला नाव माहीत असतं तर ती वीस मिनिटं थांबली असती का, हा प्रश्न त्या क्षणापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

एका बाबतीत मात्र मी बाईंचं ऐकलं नाही, आणि पुढेही ऐकणार नाही. पाच नंबरने एका केसाळ सुरवंटाला बोट लावायला हात पुढे केला तेव्हा मी ओरडले, नाव सांगितलं, त्याचे केस कातडीत रुतून कशी आग होते तेही सांगितलं. तिथे 'तुला काय दिसतंय' विचारण्यात अर्थ नाही. बाईंनाही ते मान्य होतं.

मंगळवारी रात्री झाडांच्या मधे पांढरी चादर ताणून तिच्यासमोर दिवा लावला. पतंग येऊ लागले. फुलपाखरांच्या सुमारे अठरा हजार जाती माहीत आहेत, तर पतंगांच्या दीड लाखाहून जास्त, हे वाचून माहीत असतं. पण चादरीवर तासाभरात एकाच्या शेजारी एक असे बसलेले, सालीसारखे, वाळक्या पानासारखे, राखेसारखे पतंग बघितले की त्या आकड्याला वजन येतं. बहुतेक मुलं चादरीला नाक लावून उभी होती. अकरा नंबर भीतीने मागे, एका कडेला. आणि बाजूला उभी असल्यामुळेच तिला ते दिसलं. "ताई, दिव्याच्या वरून जाणारे उलटे होऊन पडताहेत. खालून जाणारे नाही पडत."

माझ्या अंगावर काटा आला. किडे दिव्याकडे का येतात याबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले की त्यांना तो चंद्र वाटतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी किड्यांचं उडणं टिपलं, आणि दिसलं ते वेगळंच. उडणारा किडा प्रकाशाकडे पाठ करतो. कोट्यवधी वर्षं प्रकाश म्हणजे वरचं आकाश. त्याच्याकडे पाठ ठेवली की आपण सरळ आहोत, हे त्याचं गणित. दिवा शेजारी असला की पाठ दिव्याकडे वळते आणि किडा त्याच्याभोवती घिरट्या घालत अडकतो. आणि दिवा खाली असला, की तो उलटा होतो आणि कोसळतो. हे सगळं मी मुलांना सांगितलं, कारण बंदी नावांवर होती, गोष्टींवर नव्हती. सांगून झाल्यावर अकरा नंबर म्हणाली, "म्हणजे आपण त्यांना अडकवून ठेवलंय. बंद करू या ना." आम्ही दिवा बंद केला. अंधारात चादरीवरून पंख उठल्याचा सळसळाट बराच वेळ येत होता.

बुधवारी ओढा. ओढ्यावरचा नियम एकच. उचललेला दगड होता तिथेच, होता त्याच बाजूने परत ठेवायचा, कारण त्याच्या पोटाला घरं असतात. पांढऱ्या ट्रेमध्ये दोन बोटं पाणी घेऊन मुलांनी दगडांखालचे जीव त्यात सोडले आणि नावं नसल्यामुळे आपापली नावं पाडली. 'तीन शेपट्या', 'दोन शेपट्या', 'जबडेबाज', 'खडेवाला'. खडेवाला सगळ्यांचा लाडका झाला. स्वतःच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने वाळूचे कण जोडून हा जीव अंगाभोवती नळी करतो आणि ती ओढत फिरतो. दोन नंबर तासभर एकाच खडेवाल्यापाशी बसली होती. नळीच्या तोंडाशी तो एक नवा कण पायात धरून फिरवत होता, नको वाटला की टाकत होता, दुसरा घेत होता. तिने मोजलं, सहा कण टाकून सातवा लावला.

मग आठ नंबर ओरडला, "बाई, माझा दोन शेपट्या जोर काढतोय!"

खरंच काढत होता. सहा पायांवर उभा राहून अंग खाली-वर, खाली-वर. मुलं हसत गोळा झाली. बाई हसल्या नाहीत. "मगाशी काढत होता का?" नव्हता. "मग आता काय बदललं?" बराच वेळ कुणाला सुचेना. ट्रे उन्हात होता. एकाने पाण्यात बोट बुडवलं, मग ओढ्यात बुडवलं. "हे कोमट झालंय." थंड, वाहत्या पाण्यात प्राणवायू जास्त विरघळलेला असतो, साचलेल्या कोमट पाण्यात तो कमी होतो. वाहत्या पाण्यात राहणाऱ्या या जीवाला श्वास पुरेना, म्हणून अंग हलवून तो आपल्याभोवतीचं पाणी फिरवत होता. हे कळल्याबरोबर आठ नंबरने ट्रे उचलला आणि पळतच ओढ्यात रिकामा केला. तो माघारी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. मी काही बोलले नाही, नुसती शेजारी बसले.

दुपारनंतर तोच ओढा आम्ही खालच्या अंगाला बघितला, जिथे काठ ढासळून गाळ पाण्यात उतरलाय. तिथे एकही दोन शेपट्या नाही, खडेवाला नाही. दगडांमधल्या फटी गाळाने बुजलेल्या. गाळात वळवळणाऱ्या लाल अळ्या तेवढ्या होत्या. आपल्या रक्तात असतं तसंच हिमोग्लोबिन त्यांच्या अंगात असतं, म्हणून त्या लाल, आणि म्हणूनच कमी प्राणवायूत तग धरतात. कुठलंही रसायन, कुठलंही यंत्र न वापरता मुलांना कळलं की दोनशे पावलांत ओढ्याचं काय झालंय. कोण आहे आणि कोण नाही, एवढ्यावरून.

त्या रात्री बॅटऱ्या बंद करून चाललो. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, तोवर मुलं एकमेकांचे हात धरून होती. मग हळूहळू हात सुटले. अंधुक तारा बघायचा तर त्याच्या किंचित बाजूला बघायचं, कारण अंधारात काम करणाऱ्या पेशी बुबुळाच्या बरोबर मागे नसून कडेने जास्त असतात. शेवटी सगळ्यांनी एकदाच बॅटऱ्या कपाळाशी धरून लावल्या आणि गवताकडे बघितलं. गवतभर हिरवे ठिपके चमकले. प्रत्येक ठिपका म्हणजे एका कोळ्याचे डोळे, आलेला उजेड आला त्याच वाटेने परत पाठवणारे. अकरा नंबर माझा हात धरून म्हणाली, "हे सगळे रोज इथेच असतात?" मी हो म्हटलं. ती थांबली नाही, चालत राहिली.

आता गोगलगायी. आठवड्यातलं सगळ्यात जोरदार भांडण त्यांच्यावरून झालं, आणि मी ते सगळं लिहून ठेवलंय.

माळाच्या कडेला जुन्या दगडी बांधाचा एक तुकडा आहे. या बांधावर एकूण गोगलगायी किती, हा प्रश्न. सगळ्या सापडणं शक्य नाही, मग मोजायच्या कशा? मंगळवारी संध्याकाळी मुलांनी तीस गोगलगायी शोधून प्रत्येकीच्या शंखावर रंगाचा एक ठिपका दिला आणि होत्या तिथे सोडल्या. गुरुवारी संध्याकाळी पुन्हा शोध घेतला. चोवीस सापडल्या, त्यांत आठ ठिपक्यांच्या. म्हणजे तीनातली एक आपली. आपण तर तीसच रंगवल्या होत्या, तेव्हा एकूण सुमारे नव्वद. डेन्मार्कच्या पीटरसन यांनी १८९६ च्या सुमारास माशांना खुणा करून या वाटेने विचार केला, अमेरिकेतल्या लिंकन यांनी १९३० मध्ये पायात कडी घातलेल्या बदकांसाठी हेच गणित वापरलं. मुलांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत नव्वद लिहिलं आणि समाधानाने झोपायला गेली.

रात्री वळवाची सर आली. दीड तास कोसळत होती. सकाळी एक नंबर, आमच्यातला सगळ्यात लहान, पहाटेच बांधावर जाऊन आला होता. "ताई, नव्वद नाहीत. चला, चला बघायला." बांध भरून गोगलगायी होत्या. सगळे पुन्हा मोजायला बसलो. साठ पकडल्या आणि त्यांत ठिपक्यांच्या फक्त सहा. दहातली एक. म्हणजे एकूण तीनशे.

नव्वद की तीनशे? तीन नंबरचं म्हणणं, पावसाने रंग धुतला गेला. एकाने ठिपका ओल्या बोटाने घासून बघितला, गेला नाही. चार नंबरचं म्हणणं, रात्रीत बाहेरून आल्या. "दोनशे गोगलगायी? एका रात्रीत? कुठून?" दहा नंबर म्हणाला, दोन्हींची सरासरी काढा. यावर बाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं, "का?" आणि त्याला उत्तर देता आलं नाही.

उत्तर सात नंबरने दिलं. आठवडाभरात ती सगळ्यांसमोर पहिल्यांदाच बोलली. ती म्हणाली, "कोरड्या दिवसांत ज्या बाहेर फिरतात, त्याच आपल्याला मंगळवारी सापडल्या आणि त्याच गुरुवारी सापडल्या. बाकीच्या आत बसलेल्या होत्या. आपण बाहेर फिरणाऱ्याच मोजल्या. त्या नव्वद." मग जरा थांबून, "आज सगळ्याच बाहेर आल्यात. म्हणून आज बरोबर."

उन्हात गोगलगाय फटीत शिरून शंखाच्या तोंडावर वाळलेल्या चिकाचा पडदा ओढून बसते, हे बाईंनी नंतर बांधातला एक दगड सरकवून दाखवलं. एक अजून तशीच बसलेली होती. म्हणजे तीनशेही पुरे नसणार, हेही मुलांच्या लक्षात आलं. फळ्यावर नव्वद पुसलं नाही. त्याखाली 'कोरड्यात फिरणाऱ्या' लिहिलं, शेजारी तीनशे, आणि त्याखाली 'पावसानंतर बाहेर आलेल्या'.

सात नंबर एवढं स्पष्ट कसं बोलली, हे मला तिची वही बघितल्यावर कळलं. सोमवारपासून ती एकटी काम करत होती. माझ्या चौकोनात का नाही, हा एकच प्रश्न. मंगळवारी तिने बाईंकडून दोन्ही टोकं कापलेला पत्र्याचा डबा मागून घेतला. तो आपल्या चौकोनाच्या कडेला जमिनीत बोटभर दाबायचा, त्यात मगभर पाणी ओतायचं आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. पायवाटेशेजारी चौदा मिनिटं. नऊ नंबरच्या गवतात चाळीस सेकंद. तिने तीन-तीन वेळा केलं होतं, दर वेळी थोड्या वेगळ्या जागी. चांगल्या मातीत जवळजवळ अर्धी जागा पोकळ असते, त्या पोकळीत हवा आणि पाणी असतं. रोजच्या पावलांनी ती पोकळी दाबली जाते. बी पडलं तरी मूळ कुठे घालणार? बुधवारी बाईंनी तिला नरसाळं आणि दिवा दिला. इटलीच्या अँटोनिओ बर्लेसी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेल्या युक्तीचंच हे एक रूप, नरसाळ्यात जाळीवर माती ठेवायची, वरून ऊब द्यायची, कोरडेपणापासून पळणारे जीव खालच्या भांड्यात पडतात. आम्ही भांड्यात ओला कागद ठेवला होता, म्हणजे ते मरू नयेत. नऊ नंबरच्या चौकोनाबाहेरच्या मूठभर मातीतून टुणकन उडणारे पांढरे कण सेहेचाळीस पडले. तिच्याकडच्या मातीतून दोन.

तिचा चौकोन शेवटपर्यंत गरीबच राहिला. शनिवारी तिच्याकडे नऊ प्रकार होते, सगळ्यांत कमी. पण का, हे सांगता येणारी तीच एकटी होती.

शुक्रवारी रात्री बाईंनी पुस्तकं काढली आणि नावांवरची बंदी उठली. तीन तास आम्ही जागे होतो. दोन शेपट्या म्हणजे स्टोनफ्लायचं पिल्लू, तीन शेपट्या म्हणजे मेफ्लायचं, जबडेबाज चतुराचं, खडेवाला कॅडिसफ्लायची अळी, उडणारे कण म्हणजे स्प्रिंगटेल. मला वाटलं होतं मुलं नुसती टिपून घेतील. पण प्रत्येक नावाबरोबर प्रश्न येत होते. मेफ्लायला पंख फुटल्यावरही ती आणखी एकदा कात टाकते, असं दुसरा कुठलाच कीटक करत नाही, हे वाचल्यावर आठ नंबरने विचारलं, "मग पंखांचीही कात निघते?" निघते. अख्ख्या पंखांची. दोन नंबरने खडेवाल्याचं नाव लिहिलं, पण कंसात, आणि वर 'खडेवाला' तसंच ठेवलं. तीन नंबर मात्र पुस्तक मिटून बॅटरी घेऊन बाहेर गेला. दहा मिनिटांनी आला आणि माझ्याजवळ बसून म्हणाला, "ताई, देठ आहेत. खरंच आहेत."

नावांवरचा माझा जीव काही कमी झालेला नाही. नावामुळेच दुसऱ्या कुणी शंभर वर्षांपूर्वी बघितलेलं आपल्याला सापडतं. पण ते कधी द्यायचं, याबद्दल मी अठरा वर्षं काही विचारच केला नव्हता, आणि आजवर माझ्याबरोबर रानात आलेल्या किती लहान मुलांना मी दहा सेकंदांत पुढच्या झुडपाकडे पाठवलं असेल, हे आठवून मला खरंच वाईट वाटतं.

शनिवारी सकाळी खुंट्या काढायच्या होत्या. सगळे आपापल्या चौकोनावर, सात नंबर मात्र दिसेना. ती माळाच्या मधे होती. तिथे आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ गोल करून बसायचो. सहा दिवसांत तिथलं गवत आडवं होऊन पिवळं पडलं होतं. माझ्या ते डोळ्यांखालून रोज जात होतं, पण दिसलं नव्हतं. ती डबा जमिनीत दाबत होती. मगभर पाणी, घड्याळ. तीन मिनिटं पन्नास सेकंद. मग उठून ती दहा पावलं बाजूला गेली, जिथे कुणी बसलं नव्हतं, आणि तिथेही ओतलं. एक मिनिट पाच सेकंद.

"तिथे का केलंस?" मी विचारलं. मंगळवारी तिने गवतातला आकडा घेतला होताच.

"तेव्हा माती कोरडी होती. आता पाऊस पडून गेलाय. आजचं आजशीच ताडून बघायला हवं."

तिने दोन्ही आकडे लिहिले, तारीख घातली. मग आपल्या चौकोनाच्या चार खुंट्या उपटून आणल्या, आडव्या झालेल्या गवताच्या बरोबर मधे ठोकल्या आणि सुतळी बांधली.

"बाई, पुढच्या वर्षी इथे कुणाला बसू देऊ नका. मला परत मोजायचंय."

आम्ही निघालो तेव्हा अकरा सुतळ्या गुंडाळून पेटीत गेल्या होत्या. बारावी माळावरच होती.